तालुक्याच्या गावातील झाड कोणाचे?

बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेक जण खेड्यांत राहणारे असले तरी तालुक्याच्या गावी गेल्यावाचून कोणाचेही चालत नाही. कोणी कापूस अगर सोयाबीन घेऊन खामगावच्या बाजारात जातो, कोणी मेहकरच्या कचेरीत तिष्ठत बसतो, कोणी आजाऱ्यास घेऊन बुलढाण्याच्या रुग्णालयात येतो. वैशाखाच्या उन्हात काम होईपर्यंत बसावयाचे कोठे? जेथे कडुनिंब अगर पिंपळ उभा असेल तेथे. म्हणून हा प्रश्न विचारणे योग्य आहे की, ज्या झाडाखाली आपण शिदोरी सोडली ते झाड कोणाचे, आणि ते जगविण्याचे कर्तव्य कोणाचे?

पुष्कळांचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, झाड नगरपरिषदेचे. शहराने लावावे, शहराने पाणी घालावे. आम्ही तेथे कर भरीत नाही, तेव्हा आमचा संबंध काय? ह्या म्हणण्यात काही सत्य आहे. महाराष्ट्राच्या 1975 च्या कायद्याने नागरी क्षेत्रातील झाडांचे जतन तेथील वृक्ष प्राधिकरणाकडे सोपविले आहे. दर पाच वर्षांनी झाडांची गणती करावी, परवानगीवाचून झाड तोडू नये, असे त्यात सांगितले आहे. परंतु जबाबदार कोणास धरावे एवढेच कायदा सांगतो. उपकार कोणावर झाला हे तो सांगत नाही.

आज ज्या जुन्या चिंचेखाली आपण बसतो, ती लावणारा मनुष्य बहुधा हयात नाही. त्याने आपल्याकडून काही मागितले नाही, आणि आता आपण त्यास काही देऊ म्हटले तरी देता येत नाही. असे ऋण ज्याचे त्यास फेडता येत नसते. ते मागून येणाऱ्यासच फेडावे लागते. सावली घेताना आपण शहराचे की खेड्याचे हे कोणी विचारले नाही. मग ऋण फेडण्याची वेळ आली म्हणजे आपणच गावाची शीव पुढे करावी, हे न्यायाचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उन्हाळ्यात जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे लेकरास पाणी द्यावे की झाडास? ह्याचे उत्तर स्पष्ट आहे: आधी लेकरास. जो ह्याविरुद्ध सांगेल त्याने घागर घेऊन उन्हातून चाललेल्या बाईकडे पाहावे. परंतु ह्यावरून झाडे लावूच नयेत असे निघत नाही. जितकी जगविता येतील तितकीच लावावी असे निघते. हात धुतलेले पाणी एका रोपास पुरते, शंभरांस पुरत नाही. शंभर लावून पाच जगविण्यापेक्षा दहा लावून नऊ जगविणे हे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

ह्याच ठिकाणी आपल्या काळाची परीक्षा आहे. आपल्या राज्यात 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी झाडे लावण्याचे संकल्प झाले. संकल्प मोठे होते. परंतु लावणे हे एका दिवसाचे काम आहे आणि जगविणे हे निदान तीन उन्हाळ्यांचे. रोप जमिनीत ठेवणे म्हणजे त्यास वचन देणे होय. खड्डा खणून, मंडळी जमवून, मग त्या रोपाकडे पाठ फिरविली तर वचनभंग झाला. तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही एवढेच. 2021 साली कायद्यात दुरुस्ती होऊन, तोडलेल्या झाडाचे वय जितके असेल तितकी नवी रोपे लावावी असे ठरले. पन्नास वर्षांच्या झाडाबद्दल पन्नास रोपे! नियम चांगला आहे. तथापि पन्नास रोपांची मिळून पन्नास वर्षे होत नाहीत. वर्षे राखणीनेच मिळतात.

आता ही राखण एकट्या गावास साधत नाही, ती का, ते पाहू. घाटाखाली पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या भागांत पुष्कळ विहिरींचे पाणी खारट लागते, आणि कोवळ्या रोपास ते सोसत नाही. तेच कडुनिंबाचे अगर करंजाचे रोप घाटावर गोड्या पाण्याने दोन वर्षे वाढवून, मनुष्याएवढे झाल्यावर खाली नेले, तर ते पुष्कळ तग धरते. बियाणे मात्र खेड्यांच्या बांधांवर आहे. निंबोळी पावसाच्या तोंडावर पिकते, आणि फार दिवस ठेवली तर तिची उगवण्याची शक्ती जाते. म्हणून ती जेथे पडते तेथल्याच लोकांनी वेळेवर वेचली पाहिजे. अशा रीतीने बी खेड्याचे, पाणी घाटावरचे, जागा व लोखंडी जाळी शहराची, आणि सावली सर्वांची. नळगंगा बुलढाण्याच्या डोंगरांतून निघून मलकापुरावरून पूर्णेस मिळते. तिने घाटावरचे व घाटाखालचे असा भेद कधी केला नाही.

राज्य सरकारचे माझी वसुंधरा अभियान 2020 साली सुरू झाले. त्यात शहरे व ग्रामपंचायती ह्या दोहोंस स्थान आहे, आणि उत्तम काम करणाऱ्यांस बक्षिसे दिली जातात. चढाओढीने उत्साह वाढतो, हे खरे. परंतु बक्षीस एकासच मिळते, आणि शेजारच्या गावी ऊन तसेच राहते. आपल्या गावाचा पहिला क्रमांक यावा एवढ्यासाठी जो शेजाऱ्यास रोप देण्याचे नाकारतो, त्याने झाडाचा हेतूच ओळखला नाही.

तेव्हा प्रत्येकाने आपणास झेपेल तेवढेच हाती घ्यावे. बाजारास जाताना निदान एवढे करावे: झाडास खिळा ठोकू नये, बुंध्याभोवती सिमेंट घालू देऊ नये, आणि उभ्या रोपास बकरी लागत असेल तर तिला हाकलावे. वर्षातून एकदा गावकऱ्यांनी निंबोळ्यांची एक पोती भरून रोपवाटिकेस पोचवावी. ज्या झाडाखाली आपण बसतो त्याच्या शेजारी एक रोप असावे, आणि ते तिसऱ्या उन्हाळ्यानंतरही उभे असावे. मग ते झाड कोणाचे, हा वाद घालण्याची गरज राहणार नाही.