खुळ्याला काय कळतंय?

आमच्या भागात एखादा माणूस बुद्धीनं कमी असला, की त्याच्यासाठी दोन वाक्यं ठरलेली. एक म्हणजे, 'बिचारा भोळा सांब हाय.' दुसरं त्याची फजिती करून, पोट धरून हसून झाल्यावर म्हणायचं, 'खुळ्याला काय कळतंय!' या दुसऱ्या वाक्यात एक हिशेब दडलाय. ज्याला कळत नाही त्याला लागत नाही. आणि ज्याला लागलंच नाही, त्याचं आपण काही वाईट केलं नाही. हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आलो. तो कुठं चुकतो, हे दिसलं ते एका परदेशी कादंबरीत.

डॅनियल कीज या अमेरिकन लेखकानं १९५९ साली एक कथा प्रसिद्ध केली आणि १९६६ साली तिची कादंबरी केली, 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन'. न्यूयॉर्कमधल्या एका बेकरीत झाडलोट करणारा ३२ वर्षांचा चार्ली गॉर्डन ती सांगतो. साधे शब्दही त्याला धड लिहिता येत नाहीत. डॉक्टर मंडळी शस्त्रक्रिया करून त्याची बुद्धी वाढवणार असतात, म्हणून तो रोजचं टिपण लिहितो. अल्जरनॉन हा तीच शस्त्रक्रिया आधी झालेला पांढरा उंदीर.

बेकरीतले सोबती चार्लीला जिवाभावाचे दोस्त वाटतात. ते त्याला दारू पाजतात, नाचायला लावतात, मग काहीतरी निमित्तानं बाहेर पिटाळतात. तो परत येतो तर तिथं कुणी नाही. रात्री उशिरापर्यंत तो त्यांना शोधत हिंडतो, शेवटी एक पोलीस त्याला घरी पोचवतो. आणि हा गडी सगळं लिहितो ते कशी मजा आली म्हणून!

हे वाचायला न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती. खळ्यावर बसलेली माणसं अशाच एका भोळ्या गड्याला सांगायची, 'जा रं, पाण्याची गाठ सोडायचा चिमटा आण.' तो पळत जायचा. पहिलं घर त्याला दुसऱ्याकडं धाडायचं, दुसरं तिसऱ्याकडं. एका म्हातारीनं मात्र त्याला ओसरीवर बसवलं, पुढ्यात भाकरी ठेवली आणि म्हणाली, 'खा आधी. ज्यानं धाडलंय त्याला म्हणावं, तूच ये चिमटा न्यायला.'

त्या गड्याला दोन्हीतला फरक कळला असेल का? कदाचित नसेलही. पण म्हणून फरक नव्हता काय?

चार्लीची बुद्धी वाढते तशी त्याला एकेक जुनी गोष्ट आठवू लागते, आणि आता तिचा अर्थही लागतो. ज्या हसण्यात तो सामील होता, ते हसणं त्याच्यावरच होतं. दुखतं ते तेव्हा. पण अन्याय तेव्हा झालेला नसतो, तो केव्हाच होऊन गेलेला असतो. निरक्षर माणसाचा अंगठा खोट्या कागदावर घेतला, तर फसवणूक त्याच दिवशी होते. पुढं नातू शाळा शिकून तो कागद वाचील त्या दिवशी नव्हे. नातवानं कागद कधीच वाचला नाही, तरी जमीन गेली ती गेलीच.

कुणी म्हणेल, न कळताच तो सुखी होता की. होता. शहाणा झालेला चार्ली एकटा पडतो, कुणावर विसंबणं त्याला जड जातं. पण सुख त्याचं होतं, त्याच्या स्वतःच्या चांगुलपणातून आलेलं. हसणाऱ्यांना ते आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. विश्वास ही ठेव असते. ठेवणाऱ्याला मोजता येत नाही म्हणून ज्याच्याकडं ठेवली त्याची जोखीम कमी होत नाही. उलट वाढते, कारण हिशेब मागायला कुणी येणार नसतं.

शेवटी चार्लीची बुद्धी ओसरते आणि तो पुन्हा त्याच बेकरीत कामाला लागतो. एक नवा कामगार त्याची टर उडवतो, त्याचा हात पिरगाळतो. तेव्हा पूर्वी हसणारेच त्याच्या बाजूनं उभे राहतात. चार्ली होता तिथंच परत आलाय. बदललेत ते. म्हणजे 'काय कळतंय' हा सवाल त्याला विचारायचा नव्हताच. ज्यांना कळत होतं, त्यांना विचारायचा होता.