नदीचा गर्भ आणि मनुष्याचे प्रायश्चित्त

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी जलचरांतील मकर आणि प्रवाहांतील जाह्नवी ह्यांचा उच्चार एकाच श्लोकात, अगदी शेजारी शेजारी केला आहे. नित्य पाठ करणाऱ्याच्या जिभेवरून हे सान्निध्य सहज निसटते. माझ्याही जिभेवरून ते वर्षानुवर्षे निसटत आले. नदी निर्मळ असावी, तिची पूजा व्हावी, एवढेच मला कळत होते. जयपुरास येऊन सोडाला वस्तीत राहू लागल्यावर मात्र, एका शब्दाच्या शोधापायी, मला थांबून विचार करावा लागला.

ह्या वस्तीजवळून द्रव्यवती नदी जाते. नाहरगडच्या डोंगरात उगम पावून, नगरातून सुमारे ४७ किलोमीटर वाहून ती पुढे ढूंढ नदीस मिळते. कित्येक पिढ्या लोक तिला 'अमानीशाहचा नाला' म्हणत आले; आणि एकदा नाला म्हटले की त्यात काय सोडावे ह्याचा विधिनिषेध उरत नाही. १९८१ च्या महापुरात जयपुराने पाण्याचा कोप पाहिला, तरी पात्रातील वस्ती वाढतच राहिली. पुढे २०१६ मध्ये सुमारे १,६७६ कोटी रुपयांची योजना हाती घेण्यात आली आणि २०१८ मध्ये तिचा काही भाग लोकांस खुला झाला. दररोज १७ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची सोय तीत आहे. ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच योजनेत नदीचा तळ आणि काठ लांबच लांब सिमेंटने बांधले गेले. जेथे मुळे रुजत नाहीत, जेथून पाणी भूमीत मुरत नाही आणि जेथे मासळीस अंडी घालण्यास चिखल वा गवत नाही, त्यास जलमार्ग म्हणता येईल. नदी म्हणताना माझी जीभ अडखळते.

तो शब्दाचा शोध असा. नद्यांविषयीचा एक लेख मराठीत आणताना, पुराचे पाणी जेथवर पसरते त्या भूमीस नाव हवे होते. 'पूरमैदान' हा रूढ शब्द मला कोरडा वाटला. गंगामाहात्म्यविषयक निबंधग्रंथ चाळले, तेव्हा त्यांत उत्तर तयारच होते. भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाणी जेथवर चढते तेथवर नदीचा 'गर्भ'. त्यापुढे दीडशे हात 'तीर'. आणि त्यापलीकडे 'क्षेत्र'. (उत्तरेकडील गणना धरल्यास ही आपली श्रावण वद्य चतुर्दशी, पिठोरीच्या आदला दिवस, पावसाचे ऐन दिवस.) प्रवाहापासून चार हातांवर तर नारायणाचेच स्वामित्व सांगितले आहे. तेथे दान घेण्याससुद्धा मनाई आहे. म्हणजे उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जमीन ओसाड नव्हे, ती नदीचीच आहे, हे आपल्या पूर्वजांनी मोजमाप करून ठेवले होते. आपण स्नानाचे पुण्य तेवढे लक्षात ठेवले आणि मोजमाप विसरलो.

आता प्रश्न असा की, बांधकामाने जे बिघडले ते पुन्हा बांधकामाने सुधारेल काय? काही सज्जन म्हणतात, नदीस गवंड्याची गरज नाही, तिला मोकळी सोडा. हे म्हणणे ऐकण्यास गोड आहे. पण घातलेला बंधारा आपोआप उठून जात नाही. गंगेवर फराक्का येथील बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. समुद्रातून अंडी घालण्यासाठी प्रयागापर्यंत चढून येणारा हिलसा मासा त्यानंतर वरच्या गंगेत जवळजवळ दिसेनासा झाला. अशा ठिकाणी माशासाठी बाजूने उताराचा, दगडगोट्यांचा, मधूनमधून विसाव्याचे डोह असलेला मार्ग बांधावाच लागतो. ते काम अभियंत्याचेच.

ह्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात घडले. तेथील किसिमी नदीचे १०३ मैलांचे नागमोडी पात्र पुराच्या भयाने १९६२ ते १९७१ ह्या काळात ५६ मैलांच्या सरळ कालव्यात कोंबले गेले. काठच्या पाणथळी सुकल्या. पक्षी गेले, मासे गेले. मग त्याच देशाने १९९९ पासून २०२१ पर्यंत खपून कालव्याचा सुमारे २२ मैलांचा भाग बुजविला, काठची भूमी विकत घेतली आणि नदीस तिची जुनी वळणे परत दिली. पक्षी परतले. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचे पहिले अंग दोषाचे प्रकट कथन हे आहे, आणि अनुताप त्यामागून येतो. स्वतःच खणलेला कालवा स्वतःच्या खर्चाने बुजविणे ह्याहून स्पष्ट कथन कोणते? उलट दोष झाकून त्यावर फरशी आणि कारंजी बसविली, तर त्यास सुशोभन म्हणावे. तिसऱ्या अध्यायात, घेतलेल्याची परतफेड न करता भोगणाऱ्यास भगवंतांनी चोर म्हटले आहे. त्या शब्दातून आपली नगरे सुटत नाहीत.

हे सर्व मी एकदा शेजारच्या गृहस्थांना उत्साहाने सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "पंडितजी, गर्भात ज्यांची घरे आहेत त्यांनी कोठे जावे?" मी निरुत्तर झालो. स्वस्त जागा मिळाली म्हणून तेथे राहिलेला मजूर आणि नकाशावर रेघ ओढून भूखंड विकणारा धनिक ह्यांचा दोष एका तराजूत घालता येणार नाही. मजुराचे छप्पर आधी मोडावयाचे आणि धनिकाची भिंत तशीच ठेवावयाची, हा न्याय नव्हे. फ्लोरिडात भूमीचे मोल मोजले गेले; येथे ते कोणी मोजावे? ज्यांच्या घरात ह्या नगराची समृद्धी आली, त्यांनी, असे मला वाटते. त्यांत मी भाडेकरू असलो तरी येतो.

त्या लेखात 'पूरमैदान' खोडून मी 'नदीगर्भ' लिहिले. संपादकांनी अजून होकार कळविलेला नाही.