थोरली पाती, धाकटी पाती

आमच्या देवासला एकेकाळी दोन राजे होते, हे सीमाभागातल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू मराठी फौजांबरोबर माळव्यात आले आणि एका लहानशा गावाच्या दोन गाद्या झाल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. दोन दरबार, दोन दफ्तरे, दोन दिवाण. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहून गेला; त्याच्या देवासवरच्या पुस्तकात या कारभाराची गंमत वाचायला मिळते. मात्र नावात थोरले-धाकटेपण असले तरी मानात उणेअधिक नव्हते. इंग्रज सरकार दोन्ही गाद्यांना पंधराच तोफांची सलामी देई.

हे सारे आठवण्याचे कारण माझी नात. तिची दहावी झाली आणि अकरावीला विषय कोणते घ्यायचे यावरून आमच्या घरातही दोन पात्या पडल्या. तिला इतिहास आणि संस्कृत हवे. तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या चिरंजीवांचे, म्हणणे एकच : "गणित-विज्ञानात इतके चांगले नंबर आले आहेत. आर्ट्स घेऊन करणार काय?" सूनबाई मधल्यामध्ये. शेवटी निवाडा माझ्याकडे आला. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, तेव्हा माझा कौल कोणत्या पातीकडे जाणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मी मात्र "चार दिवस थांबा" म्हणून वेळ मारून नेली. त्याचे कारण पुढे सांगतो.

चिरंजीवांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या तोंडून माझे वडीलच बोलत होते. वडील थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. त्यांचे मोडी अक्षर मोत्यासारखे होते असे जुने लोक सांगत. १९४८ साली दोन्ही देवासे मध्यभारतात विलीन झाली, कारभार हिंदीत गेला आणि त्या मोत्यांना कोणी विचारीना. मोडी, दफ्तराची भाषा, कोणत्या सनदेत काय लिहिले आहे याची स्मरणशक्ती, हे सारे ज्ञान एका वर्षात कवडीमोल झाले. मग त्यांनी मला सांगितले, "जे कोणतंही सरकार आलं तरी बदलत नाही ते शीक." पाण्याचे सूत्र राजवटीबरोबर बदलत नाही, म्हणून मी रसायन शिकलो. द्विभाषिक प्रदेशातल्या मराठी घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. विज्ञानाला आपल्या घरांत थोरली पाती मिळाली ती कौतुकापेक्षा भीतीने, आणि ती भीती खोटी नव्हती.

त्या चार दिवसांत नातीला घेऊन धारला गेलो. धार हे आमच्या हिचे माहेर. इंदूरमार्गे बसने जाताना नातीने मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. धार जिल्ह्यात बागच्या बाजूला पाडल्या नावाचे गाव आहे. तेथले शेतकरी शेतात सापडलेले ओंजळीएवढे गोल दगड 'काकर भैरव' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजत आले. शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा हा देव. २०२३ च्या डिसेंबरात बातमी आली, की लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते दगड पाहिले आणि ती डायनोसॉरची अंडी निघाली.

त्या भागाला हे नवे नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत बाग-कुक्षी परिसरातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. टायटॅनोसॉर जातीच्या, लांब मानेच्या अजस्र शाकाहारी प्राण्यांची ती अंडी, साडेसहा कोटी वर्षांहूनही जुनी. अभ्यासकांमध्ये दिल्ली विद्यापीठातल्या मंडळींबरोबर विशाल वर्मा हे धार जिल्ह्यातले शाळामास्तरही होते, हे वाचून माझ्यासारख्या निवृत्त मास्तराची छाती उगीचच फुगली. घरटी एकमेकांना इतकी लागून होती, की मधे आईला उभे राहायला जागा नव्हती. त्यावरून अभ्यासकांनी ताडले, की मगरीसारखी उथळ खड्ड्यांत अंडी पुरून माद्या निघून जात असाव्यात.

नातीने विचारले, "आबा, मग आता त्या लोकांनी पूजा सोडायची का? खरं कोणाचं?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. 'ज्याचे त्याचे खरे' असे म्हणून सुटणे सोपे होते. पण मला ते आळशी माणसाचे उत्तर वाटते. तो दगड अंडे आहे. ते लखनौच्या माणसासाठी अंडे आहे आणि पाडल्याच्या शेतकऱ्यासाठीही अंडेच आहे. यात श्रद्धेला मत नाही. पण नांगराला लागलेली वस्तू ओलांडून न जाता एका घराने ती बांधावर का ठेवली, तिला नाव का दिले, त्या नावाने कोणते भय आवरले, या प्रश्नांची उत्तरे अंड्याचे कवच भिंगाखाली धरून मिळणार नाहीत. ती त्या घरातल्या म्हाताऱ्यांशेजारी बसून, त्यांची बोली कळत असेल तर मिळतील. त्या उत्तरांनाही खरेखोटे असतेच. तेथेही चुकीचे ऐकता येते, सोयीचे तेवढेच लिहिता येते. म्हणजे दगड एक, प्रश्न दोन, आणि दोन्ही प्रश्नांची परीक्षा कडक. पूजा सोडायची की नाही हा तर तिसराच प्रश्न, आणि तो सोडवण्याचा अधिकार लखनौला नाही नि मलाही नाही. एवढे तिला सांगितले. तिचे समाधान झालेले दिसले नाही.

धारला लाट मशिदीपाशी गेलो. १४०५ साली दिलावरखानाने बांधलेली ही मशीद तिच्या बाहेर पडलेल्या लोखंडी लाटेवरून ओळखली जाते. लाट तुटलेली आहे. तीन तुकडे मिळून लांबी ४३ फुटांच्या वर, वजन सुमारे सात टन. परंपरा तिला भोजराजाचा विजयस्तंभ म्हणते, पण तिच्यावर भोजाचे नाव कोठेही नाही. आहे तो अकबराच्या मुक्कामाचा १५९८ सालचा फारसी लेख. गुजरातचा बहादुरशहा ती हलवू पाहत होता तेव्हा ती मोडली, असे जहांगीर आपल्या आत्मचरित्रात सांगतो.

आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या लाटेचा बारकाईने अभ्यास केला. ही लाट ओतीव नाही, घडीव आहे. तापलेल्या लोखंडाचे गोळे एकावर एक घणाने ठोकून, सांधून एवढा खांब केला. अंगावर जी भोके दिसतात त्यांचा अर्थ लोक नाना तऱ्हेने लावत. त्यांनी दाखवले, की एवढे धूड घडवताना पकडायला आणि फिरवायला ती उपयोगी पडली असावीत. मी नातीचे बोट एका भोकात घालायला लावले. हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराची पहार तेथे बसली असेल. भोजाच्या नावावर केवढे ग्रंथ आहेत! 'समरांगणसूत्रधार' वास्तूवर आणि यंत्रांवर, 'राजमृगांक' ज्योतिषावर, 'राजमार्तंड' योगसूत्रांवर, 'शृंगारप्रकाश' साहित्यावर. 'सरस्वतीकंठाभरण' नावाचे तर दोन, एक व्याकरणाचा आणि एक अलंकारांचा. सारे एकट्या राजाने लिहिले की पदरच्या पंडितांनी, हा वाद विद्वानांनी करावा. ज्ञानाच्या इतक्या शाखा एका दरबारात नांदल्या याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा. पण ज्यांनी ही लाट उभी केली त्या लोहारांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. त्या सुवर्णयुगातही एक धाकटी पाती होती. तिची विद्या वाचायला कानपूरचा धातुशास्त्रज्ञ यावा लागला.

धारच्याच भोजशाळा-कमाल मौला वास्तूत १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना एक कोरीव शिळा मिळाली. (त्या वास्तूवरून जो वाद चालत आला त्यात मी शिरत नाही. शिळेपाशी वकील येऊन उभा राहिला, की व्याकरणकाराला बाजूला व्हावे लागते, एवढेच म्हणतो.) शिळेवर 'पारिजातमंजरी' नावाची संस्कृत नाटिका आहे. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने ती तेराव्या शतकात रचली. चार अंकांपैकी दोनच हाती लागले. उरलेले दोन जिच्यावर असतील ती शिळा मिळालेली नाही. तेथल्याच दुसऱ्या एका लेखात कासवावर रचलेली प्राकृत शतके आहेत. पृथ्वी पाठीवर घेणाऱ्या कासवाची स्तुती, शंभराहून अधिक श्लोक, तीही महाराष्ट्री प्राकृतात, आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत! हुल्ट्झ आणि पिशेल या जर्मन पंडितांनी हे लेख वाचून छापले. नातीला मी सांगितले, की रसायनात आम्ही तराजूला भितो तसे हे लोक मात्रेला भितात. एक मात्रा कमी पडली की श्लोक लंगडतो आणि वाचणाऱ्याची चूक उघडी पडते. शास्त्र कडक आणि साहित्य सैल, असे शाळेत मी स्वतःच मुलांना सांगत आलो होतो. ते खरे नव्हते.

तरीही चिरंजीवांचा प्रश्न उरतोच. कासवाच्या श्लोकांनी कोणाचा जीव वाचला? कोणाचाही नाही, हे कबूल करावे. 'निरुपयोगी विद्या शेवटी उपयोगी पडतेच' हे बोलणेही मला पटत नाही. पुष्कळदा ती पडत नाही. पण उपयोगाचा हिशोब आधी मांडता येत नाही, एवढे तर आमच्या देवासनेच पाहिले आहे. १९४८ च्या आरंभी बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक तेवीस वर्षांचा गवई क्षयाने खंगून हवापालटासाठी येथे आला. कुमार गंधर्व. काही वर्षे गाणे बंद. त्यांना ज्या औषधाने उठवले ते स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या सूक्ष्म जिवांच्या अभ्यासातून निघाले. अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली ते हाती लागले. त्यापूर्वी कित्येक वर्षे तो माणूस मातीत कोणते जंतू राहतात हेच पाहत बसला होता. आणि त्या औषधाने वाचलेल्या माणसाने काय केले? अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची लोकगीते कानांत साठवली. त्या धुनांमधून राग कसा उगवतो याचा शोध घेतला, त्यांतून नवे राग बांधले. १९६५ साली 'अनूपरागविलास' छापून आला. मातीचा अभ्यास आणि गीतांचा अभ्यास, यांत थोरली पाती कोणती?

हे मी आज विचारतो. १९६६ साली विचारले नाही.

आमच्या घरी माझी आत्या होती. लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. जात्यावर बसली की मराठी ओव्या आणि शेजारणींकडून उचललेली माळवी गाणी यांची अशी काही वीण घाली, की कोठे एक भाषा संपली आणि दुसरी सुरू झाली ते कळू नये. पुण्याचे पाहुणे त्या मराठीला हसत. गावात कुमारजींच्या पुस्तकाची चर्चा ऐकून असेल, एके दुपारी ती मला म्हणाली, "अरे, ते बुवा बायांची गाणी लिहून घेतात म्हणे. मला पण पुष्कळ येतात. तू घेतोस का लिहून? मला कुठं लिहिता येतं." मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "आत्या, हे लिहून काय होणार?" ती काही बोलली नाही. पुन्हा कधी विचारलेही नाही. १९७१ साली ती गेली.

रसायन निवडल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्याने घर चालले. माझे चुकले ते त्या दुपारी. मला वेळ नाही, असे म्हणता आले असते. मी म्हणालो, की तुझ्याजवळ जे आहे ते ज्ञानच नाही. वडिलांच्या मोडीला नव्या सरकारने जे केले तेच मी माझ्या घरात, माझ्या माणसाला केले. सरकारकडे निदान कारभाराचे निमित्त तरी होते.

परतीच्या बसमध्ये हे नातीला सांगितले. घरी आल्यावर चिरंजीवांनाही सांगितले. आत्याची ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. निवाडा असा मी दिला नाही. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पण बाबा, पोटाचं काय?" मी म्हणालो, "तो प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर द्यायला तिला 'हे लिहून काय होणार' असं मात्र म्हणू नका." वाद अजून पुरता मिटलेला नाही. नातीने इतिहास, संस्कृत आणि हट्टाने गणितही घेतले आहे. हे त्रिकूट एकत्र मिळावे म्हणून शाळेच्या तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

गेल्या महिन्यात ती वही घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "आबा, आत्याआजीचं जे आठवतंय ते सांगा." आठवून आठवून एका गाण्याची पहिली ओळ सांगितली. दुसरी आठवेना. चालही अर्धीच. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, आमच्याकडे काम करायला येतात त्या बाईंना विचारून बघू, त्या इकडच्याच आहेत. नातीने पहिली ओळ लिहिली, खाली दोन ओळींची जागा सोडली आणि पान उलटले.