प्रारब्ध आणि आयुष्याचे आकडे

फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत पसरला, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालणाऱ्या कुटुंबाला एकच प्रश्न छळतो: आता किती दिवस? आप्त म्हणतात, प्रारब्धाचे भोग आहेत. डॉक्टर रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद, घटलेले वजन, यकृतात वा मेंदूत झालेला प्रसार, गाठीतला जनुकबदल असे घटक पाहतात. या घटकांनाही पुष्कळजण नवे प्रारब्धच मानतात. माझ्या मते ही वैद्यकाचीही चूक आहे आणि धर्मविचाराचीही.

घटक आयुर्मानाशी निगडित असतात, पण ते एकट्या माणसाचा निकाल लिहीत नाहीत. शिवाय त्यांचे वजन उपचारांनी बदलते. ईजीएफआर जनुकातला बदल कोणी निवडून घेत नाही. तरी तो असलेल्या रुग्णांना जेफिटिनिब या औषधासोबत केमोथेरपीही दिल्यावर आजार साधारण आठऐवजी सोळा महिने आटोक्यात राहिला, हे टाटाच्याच 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. हाडांचे दुखणे रेडिएशनने कमी होते, हाडे बळकट करणाऱ्या औषधांनी ती मोडण्याचा धोका घटतो. म्हणजे या घटकांच्या यादीतला काही भाग वाट्याला आलेला असतो, काही आपल्याला घडवता येतो.

कोणी म्हणेल, विडी-सिगारेट ओढणाऱ्याने हे स्वतःच ओढवून घेतले. तंबाखू हे कारण खरेच, पण कारण म्हणजे शिक्षा नव्हे. आणि आयुष्यात कधीही न ओढलेल्यांनाही हा आजार होतो. सगळी दुःखे पूर्वकर्माचीच, हे मत बुद्धांनी शिवक नावाच्या परिव्राजकापुढे नाकारले होते. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणे सांगून त्यांनी कर्माला त्यांतले फक्त एक स्थान दिले. ज्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत कोरलेली आहेत, त्यांच्या भूमीला हा विचार परका नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रारब्ध मानल्याने मन शांत होते, उलट आशेपायी घर कर्जात बुडते. शांती हवीच. पण प्रयत्न म्हणजे अखेरपर्यंत सलाईन आणि केमो नव्हे. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना सुरुवातीपासून वेदनाशामक व आधार देणारी उपशामक सेवा मिळाली, त्यांच्यावर शेवटी आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही ते अधिक जगले: मध्यक 11.6 महिने, इतरांचे 8.9. वेदना शमवणे म्हणजे हार मानणे नव्हे, हेच यातून कळते. म्हणून श्रद्धावान कुटुंबाने आधी विचारावे, यातले आज काय बदलता येईल? तेवढे करून झाल्यावर जे उरेल ते स्वीकारणे हा धर्म आहे. त्याआधीच स्वीकारणे ही रुग्णाची उपेक्षा आहे.