शाळेच्या बागेंतील भाजी कोणाची?

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील प्राथमिक शाळेच्या आवारांत गुरुजींनीं मुलांकडून कांहीं वाफे करवून घेतले. आठवड्याभरांत एक शेतमजूर गृहस्थ मजकडे आले व म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या बापाचा जन्म दुसऱ्याच्या रानांत खुरपें धरण्यांत गेला, माझाहि गेला. पोराच्या हातांतून तें सुटावें म्हणून त्याला शाळेंत घातलें, तर गुरुजींनीं त्याच्या हातांत पुनः खुरपेंच दिलें!” त्यांस तत्काळ उत्तर देणें मला जमलें नाहीं. पुष्कळ विचारांतीं जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवितों.

अशा वेळीं आपण एक ठरीव उत्तर देतों कीं, श्रम थोर आहेत, त्यांची लाज धरूं नये. उत्तर खोटें नाहीं. परंतु तें कोण कोणास सांगतो हें पाहिलें पाहिजे. ज्याच्या हातास कधीं घट्टा पडला नाहीं, त्यानें पिढ्यान्पिढ्या वेठींत खपलेल्यांस श्रमाची थोरवी सांगावी, हें शोभत नाहीं. त्या पित्याचें दुःख पेरणारा एक व खाणारा दुसरा या रीतीचें होतें. म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे कीं, शाळेंतील बाग हें शिक्षण केव्हां होतें, आणि वेठ केव्हां?

शाळेजवळ बाग असावी ही कल्पना जुनी आहे. मोराव्हियन मंडळीचे बिशप कोमेनियस (1592–1670) यांनीं आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत, शाळेस लागून बाग असावी व झाडें-फुलें पाहून मुलांचे डोळे तृप्त व्हावे, असें सुचविलें. ज्ञान प्रथम इंद्रियांच्या द्वारें आंत येतें हें त्यांचें मत. 1658 सालीं निघालेलें त्यांचें सचित्र पाठ्यपुस्तक त्याच मतावर उभें होतें. जर्मनींत फ्रोबेल यांनीं 1840 सालीं आपल्या शिशुशाळेस ‘मुलांची बाग’ याच अर्थाचें नांव दिलें. त्यांच्या योजनेंत प्रत्येक मुलास स्वतःचा लहान वाफा व भोंवतीं सर्वांचा सामाईक वाफा असे. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें, प्राथमिक अभ्यासक्रमांत शेतकीचें मूलज्ञान असावें, अशी मागणी केली. पुढें 1937 सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या उत्पन्नावर शाळेनें आपला भार उचलावा असें मांडलें, तेव्हां त्यांतून मुलांच्या श्रमाचा व्यापार होईल ही भीति कित्येकांनीं बोलून दाखविली. त्या पित्याच्या तक्रारींत हीच भीति होती.

माझ्या मतें पहिली कसोटी फळाची. शासनाच्या मध्यान्ह भोजन योजनेंत प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलामागें रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ व 50 ग्रॅम भाजी हें प्रमाण ठरलें आहे. साठ मुलांच्या शाळेस याप्रमाणें रोज 3 किलो भाजी लागते. दहा-पांच वाफ्यांतून ती बारमाही निघणार नाहीं. तेव्हां बाग आहे म्हणून कोणी भाजीचा खर्च आंखडूं लागला, तर मुलांच्या श्रमानें सरकारचें देणें फेडल्यासारखें होईल. बागेंतील मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला हा ठरलेल्या ताटावर भर म्हणून पडावा. शिक्षकाच्या घरीं किंवा पाहुण्या अधिकाऱ्याच्या पिशवींत मात्र एक दोडकाहि जाऊं नये.

परंतु फळ मुलांचें, एवढ्यानें वाद मिटत नाहीं. त्या शाळेंत पहिली भेंडी निघाली तेव्हां मुलांत भांडण झालें. एक मुलगी धाकट्या भावास सांभाळण्याकरितां कित्येक दिवस घरीं राहिली होती. तिनें पाणी घातलें नाहीं, मग तिला वांटा कां? मुलांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. श्रमाप्रमाणें फळ हाहि न्यायच. तथापि तिनेंहि त्या दिवसांत श्रमच केले होते, जागा तेवढी दुसरी. शेताच्या कडा गरिबांसाठीं न कापतां सोडाव्या, हा मोशेच्या नियमशास्त्रांतील दंडक आपणांस ठाऊक आहे. गुरुजींनीं निवाडा मुलांवरच सोपविला. त्यांनीं ठरविलें कीं, स्वतःच्या वाफ्याची भाजी ज्यानें त्यानें घरीं न्यावी, व सामाईक वाफ्याची सर्वांच्या ताटांत पडावी. फ्रोबेलचें नांवहि न ऐकतां तीं मुलें त्यांच्याच वाफ्यांपाशीं येऊन पोंचलीं.

दुसरी कसोटी हातांची. ज्या बागेंत शेणखताची पाटी नेहमीं त्याच घरच्या मुलांच्या डोक्यावर चढते व फुलें वेंचण्याचें काम इतरांकडे जातें, ती बाग गांवची जुनी विषमताच नव्यानें शिकविते. पाटी, बादली व फुलें या सर्वांची पाळी सर्वांना आली पाहिजे.

तिसरी कसोटी इंद्रियांची. मजुरी करणारें मूल तण उपटतें व पुढें सरकतें. शिकणारें मूल थांबून पाहतें. म्हणून भाजीच्या कडेनें तुळस, गवती चहा, पानाचा ओवा, कढीलिंब व लाजाळू असावीं. अंबाडीचें आंबट पान व कारल्याची कडू चव मुलांनीं जिभेवर घ्यावी. कण्हेर, धोतरा, एरंड हीं विषारी झाडें मात्र आवारांत नसावीं. त्या शाळेंत एका मुलाची दृष्टि फार अधू आहे. फळ्यावरील अक्षर त्याला दिसत नाहीं. पण पान बोटांत चुरून तो झाडाचें नांव अचूक सांगतो. वर्गांत सदां मागें बसणारें तें मूल बागेंत पुढें उभें असतें.

चौथी कसोटी टिकण्याची. उद्घाटनाच्या दिवशीं छायाचित्र निघतें आणि मे महिन्यांत वाफे जळतात, हें आपण पुष्कळ ठिकाणीं पाहतों. जीव लावून वाढविलेलें रोप मोठ्यांच्या हयगयीनें मरूं दिलें, तर मुलें तोहि धडा शिकतात. जेवणानंतर हात धुतलेलें पाणी चर काढून केळी-अळूकडे न्यावें, पालापाचोळा जाळण्याऐवजीं खड्ड्यांत कुजवावा, घेवड्या-भोपळ्याचें बीं राखावें, आणि सुट्टींतील पाण्याची पाळी आधींच ठरवावी. शेवगा व कढीलिंब एकदां नीट रुजले म्हणजे थोड्या पाण्यावर तग धरतात, व आज चौथींत असलेल्या मुलानें लाविलेलें झाड उद्यां पहिलींत येणाऱ्यास खावयास मिळतें.

हा सर्व विचार झाल्यावर मीं त्या गृहस्थांस निरोप पाठविला: “शनिवारीं शाळेंत जाऊन उभे राहा. पाटी कोणाच्या डोक्यावर आहे, पोर थांबून कांहीं पाहतें कीं नाहीं, आणि भोपळा कोणाच्या घरीं जातो, हें पाहा. तो दुसऱ्याच कोणाच्या घरीं गेला, तर पोराच्या हातांतील खुरपें काढून घ्या. गुरुजींशीं बोलावयास मी तुमच्याबरोबर येईन.”