शरणपूरची मुलं

धायरीत आमच्या सोसायटीतला एक मुलगा पुढच्या आठवड्यात केनियातल्या मोंबासाला निघालाय. त्याच्या चर्चमधली काही तरुण मंडळी तिथल्या एका अनाथाश्रमात पंधरा दिवस राहणार, मुलांना शिकवणार, भिंती रंगवणार. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्यात. कंपासपेट्या, रंगखडू, क्रिकेटच्या बॅटी आणि आईनं कोंबलेला चिवडा. वजन तेवीस किलोच्या वर जातंय म्हणून तो खडू बाहेर काढतो. चिवड्याला हात लावायची सोय नाही.

"काका, तिथल्या अनाथ मुलांसाठी आपल्याकडचं आधी कुणी काही केलं असेल का हो?" त्यानं सहज विचारलं.

नाशिकचा शरणपूर रोड त्याला माहीत होता, शरणपूर माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ ही ख्रिस्ती वस्ती उभारली. ब्रिटिश नौदल समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. पूर्व आफ्रिकेतून पळवलेली त्यातली मुलं मुंबईला उतरवत आणि बरीचशी शरणपूरला धाडत. तिथं अक्षरओळख, प्रार्थना, सुतारकाम, लोहारकाम. म्हणजे आफ्रिकेतली अनाथ पोरं आपल्या दारात येऊन वाढून गेली, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

ब्रिटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टननं 1865 साली आफ्रिकेतल्या आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी यातले नऊ जण निवडले. पुढं 1872 मध्ये त्याच्या मदतीला गेलेल्या माणसांतही नाशिकचे तरुण होते. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा सोबत एकही गोरा माणूस नव्हता. सोबत्यांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं. जेकबनं अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव कोरलं. मग देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि महिनोन्‌महिने पायपीट करत समुद्रापर्यंत आणला. वाटेत आजारपणं, आडवे येणारे गावकरी, सगळं सोसून. तिथंच पुरून मोकळं व्हायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता.

एक गोष्ट मात्र मला टोचते. जेकब वेनराइट हे काही त्याच्या आईनं ठेवलेलं नाव नव्हे. गलबतातून सोडवला हे उपकार खरेच, पण पुढं नाव कुठलं घ्यायचं, देव कुठला मानायचा, राहायचं कुठं, हे त्या वयात त्याला कोण विचारणार? मुंबई, नाशिक, परत आफ्रिका, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं.

आजच्या सेवेतही हा धोका आहेच. पंधरा दिवस लळा लावायचा आणि विमानात बसायचं, याला सेवा म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. रंगवलेली भिंत टिकते. पोर मात्र दर सुट्टीत नव्या दादाला विसरायला शिकतं. हे मी त्याला तोंडावर बोललो. तो चिडला. "मग जाऊच नको का?"

जा की. पण पोचल्या पोचल्या ब्रश हातात घेऊ नकोस. वर्षभर त्या मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या बायांना आधी विचार, तुम्हाला काय हवंय. भिंत रंगवायला गावातले रंगारी असतील, त्यांना काम मिळू दे.

आणि आपण देणारे, ते घेणारे, हा हिशेब इथंच ठेवून जा. आपल्या केडगावचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन घे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. भुकेलं पोर ओळखायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तू चाललायस त्या मोंबासाजवळच 1875 मध्ये फ्रिअर टाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावानं. गुलामीतून सुटलेल्यांची वस्ती ती. उभारायला शरणपूरचेच प्राइस गेले आणि नाशकात वाढलेली ही माणसंही. तिकडच्या लोकांनी त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हटलं. गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटकेही उडाले. शिकलेली माणसं होती, मुकाट बसणारी नव्हती.

त्यांच्यातला विल्यम जोन्स 1885 मध्ये चर्चचा दीक्षित सेवक (डीकन) झाला. हाही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. मोंबासाजवळच्या रबाईचं मिशनचं ठाणं त्याच्याकडं आलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम तिथं येऊन लपू लागले. त्यांना ठेवून घेणं म्हणजे बड्या मालकांशी उघड वैर. जोन्सनं त्यांना हाकलून दिलं नाही. शेवटी मालकांना भरपाई देऊन तोडगा निघाला आणि 1 जानेवारी 1889 रोजी चौदाशेहून जास्त जणांना सुटकेचे दाखले मिळाले.