पिशवी आणि काळीज

हुबळीहून धारवाडला जाताना वाटेत नवनगर लागतं. चिगरी बस तिथे थांबली की उतरणाऱ्यांत जाडजूड फायली सांभाळणारी माणसं हमखास दिसतात, कारण कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट इथेच आहे. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बऱ्याच बायकांना ऑपरेशन, केमो, किरण हे सगळं आटोपल्यावर पाच-दहा वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. ती टॅमॉक्सिफेन असेल, लेट्रोझोल असेल. इस्ट्रोजेनला गाठीच्या पेशींवर काम करू द्यायचं नाही किंवा ते तयारच होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ती असते. इथे इस्ट्रोजेन वैरी आहे. आणि त्याच रस्त्यावरच्या एखाद्या दवाखान्यात छातीत जडपणा आला म्हणून गेलेल्या चाळिशीच्या बाईला ‘पाळी चालू आहे ना, मग हृदयाचं काही नसणार, पित्त असेल’ असं ऐकवलं जातं. तिथे तेच इस्ट्रोजेन राखणदार.

कॅन्सरच्या बाजूची गोष्ट आधीची आहे. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईची अंडाशयं काढली आणि गाठी विरल्याचं १८९६ साली जाहीर केलं. अंडाशयातून नेमकं काय पाझरतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. इस्ट्रोजेन-गटातला पहिला हार्मोन शुद्ध स्वरूपात हाती आला तो १९२९ मध्ये.

हृदयाच्या बाजूचा विचार मात्र एका अभावातून निघाला. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून पाच हजारांवर माणसांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या, ही त्या काळात मोठीच गोष्ट. चोवीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा दिसलं की पाळी चालू असलेल्या एकाही बाईला हार्ट अटॅक आलेला नाही. पाळी गेलेल्यांना येतो. त्याआधी १९५३ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनात पाहिलं होतं की अंडाशयं काढलेल्या बायकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या इतर बायकांपेक्षा जास्त कडक आणि अरुंद झालेल्या असतात. दोन्ही बोटं एकाच दिशेला होती. इस्ट्रोजेन बाईच्या काळजाचं रक्षण करतं, ही समजूत इथे पक्की झाली.

समजूत चुकीची नव्हती, अर्धी होती. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड निघतं, त्यानं वाहिनी सैल होते. इस्ट्रोजेन ते वाढवतं. त्याच्यामुळे यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जास्त उचलतं. पाळी गेल्यावर एलडीएल चढतं, चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, रक्तदाब वर जातो, हे कुणाही फॅमिली डॉक्टरला रोज दिसतं. पण शरीरात असलेली गोष्ट उपयोगी आहे म्हणजे ती बाहेरून गोळीनं दिली तरी तितकीच उपयोगी, ही उडी त्यानंतर मारली गेली आणि ती पन्नास वर्षं निस्तरावी लागली.

त्या उडीतला पहिला भाग तर विनोदी आहे. इस्ट्रोजेन हृदयाला जपतं की नाही हे तपासायला अमेरिकेत पहिला मोठा प्रयोग झाला तो पुरुषांवर! ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आठ हजारांवर पुरुषांपैकी काहींना इस्ट्रोजेन दिलं. त्यांच्यात गुठळ्या आणि नवे अटॅक वाढले. मोठा डोस १९७० मध्ये थांबवला, लहान डोस १९७३ मध्ये. बायकांच्या हार्मोनचा प्रश्नसुद्धा पुरुषांच्या हृदयाचा प्रश्न म्हणूनच विचारला गेला, कारण हृदयरोग हा कर्त्या पुरुषाचा आजार हे वैद्यकानं गृहीतच धरलं होतं. अ‍ॅस्पिरिननं अटॅक टळतो हे ज्या गाजलेल्या अभ्यासानं सिद्ध केलं, त्यातले बावीस हजार डॉक्टर झाडून पुरुष होते.

बायकांना गोळ्या मिळत होत्या, पण वेगळ्या कारणासाठी. गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं प्रेमारिन १९४२ पासून बाजारात होतं. अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम यांवर ते चाले. पुढे कंपन्यांनी आणि काही डॉक्टरांनी चिरतारुण्याचीही आशा लावली. १९७५ मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना गर्भाशयाचा कॅन्सर जास्त होतो असं दिसलं, मग सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आलं. हृदयाच्या बाबतीत १९८५ साल मजेशीर आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन लेख आले. सव्वा लाख परिचारिकांवरचा अभ्यास म्हणाला, इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना हृदयरोग कमी होतो. फ्रॅमिंगहॅमवाले म्हणाले, जास्त होतो. डॉक्टरांनी पहिल्या लेखावर विश्वास ठेवला. पण हार्मोन घेणाऱ्या बायका मुळात जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणाऱ्या होत्या. श्रेय गोळीचं की घरच्या सुबत्तेचं, हे असल्या अभ्यासातून नीट वेगळं काढता येत नाही.

ते वेगळं काढण्याचा हट्ट धरला बर्नाडिन हीली यांनी. त्या स्वतः हृदयरोगतज्ज्ञ, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पहिल्या स्त्री संचालक. बाईला हृदयाचे उपचार हवे असतील तर तिला आधी आपला आजार पुरुषासारखा आहे हे सिद्ध करावं लागतं, असं त्यांनी १९९१ मध्ये लिहिलं आणि ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड अभ्यास सुरू करून दिला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना खरं औषध, काहींना खोटी गोळी. २००२ च्या जुलैमध्ये संयुक्त गोळीचा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला हृदयविकाराचे सात, पक्षाघाताचे आठ आणि स्तनाच्या कॅन्सरचे आठ रुग्ण जास्त निघाले. आकडे लहान आहेत. मथळे मोठे आले, आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या.

नंतर थंड डोक्यानं पाहिलं तेव्हा लक्षात आलं, त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली, रक्तवाहिन्यांत थर आधीच साचलेले. कोवळ्या वाहिनीला इस्ट्रोजेन मऊ ठेवतं. थर साचलेल्या वाहिनीत तेच गुठळीला निमित्त होऊ शकतं. २०१६ च्या ‘एलिट’ अभ्यासात पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतल्या धमनीची जाडी सावकाश वाढली. दहा वर्षं उलटून गेलेल्यांना काहीच फरक पडला नाही. ‘कीप्स’ या दुसऱ्या अभ्यासात लवकर देऊनही धमनीत फरक दिसला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण विचार पुढे सरकला: इस्ट्रोजेन चांगलं की वाईट, हा प्रश्नच मागे पडला. केव्हा, किती, कोणत्या वाटेनं, हे महत्त्वाचं ठरलं. तोंडानं घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि गुठळी करणारी द्रव्यं वाढवते, त्वचेवरची पट्टी तितकी वाढवत नाही. निव्वळ हृदयरोग टाळण्यासाठी हार्मोन घेऊ नये, हा सल्ला मात्र अजून कायम आहे.

हा सगळा वाद हार्मोन द्यावं की नाही याचा. आमच्या भागातला प्रश्न ते काढून घेण्याचा आहे, आणि त्याकडे हृदयाच्या नजरेनं कुणी पाहत नाही.

बीडच्या ऊसतोडणीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, एक दिवसाचा खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. पाळीतही काम चुकत नाही. अंगावर पांढरं जातं, पोट दुखतं, आणि गावचा खासगी डॉक्टर ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. फक्त मराठवाड्याकडे बोट दाखवून भागणार नाही. पूर्वी धारवाड जिल्ह्यातच असलेल्या हावेरीत, राणेबेन्नूर तालुक्यातल्या लंबाणी बायकांनी अशाच ऑपरेशनांविरुद्ध आंदोलन करून भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना विनाकारण गर्भाशय काढण्याला आळा घालणारे नियम लागू करायला सांगितलं.

चर्चा झाली ती लुटीची, कंबरदुखीची, मजुरीची. ती व्हायलाच हवी होती. पण पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर तिशीतली बाई एका दिवसात रजोनिवृत्त होते. अंडाशयं ठेवली तरी ती अनेकींत वेळेआधी थकतात. मेयो क्लिनिकच्याच २००९ च्या अभ्यासात पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू ठळकपणे जास्त होते. म्हणून अशा तरुण बाईला, कॅन्सरसारखी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असं तज्ज्ञ सांगतात. संपन्न देशात ज्या गोळीवर पन्नास वर्षं भांडण झालं, ती जिला खरोखर लागते त्या ऊसतोड बाईपर्यंत पोचत नाही. भारतात मुळातच पाळी पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर जाते, हेही इथे जमेला धरायला हवं.

नवनगरच्या रुग्णांची गोष्ट वेगळी. तिथे इस्ट्रोजेन अडवणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. टॅमॉक्सिफेनची तर गंमत अशी की ते स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं आणि यकृतात इस्ट्रोजेनसारखं वागून कोलेस्टेरॉल उतरवतं. लेट्रोझोल तसं करत नाही. म्हणून अशा बाईचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाहायला हवं.

तेव्हा एवढं करा. बीपी-शुगर दाखवायला जाल तेव्हा पाळी कोणत्या वर्षी गेली, आपोआप गेली की ऑपरेशननं, हे न विचारताही सांगा. पिशवीच्या ऑपरेशनचा कागद फेकू नका. अंडाशयं ठेवली की काढली हे त्यात लिहिलेलं असतं, नसेल तर लिहून मागा. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, तेही सांगा, कारण त्यानंही पुढचा धोका वाढतो. आणि डॉक्टरमंडळींनो, छातीत दुखतंय म्हणून आलेल्या बाईला पित्ताची गोळी लिहिण्याआधी तिचा ईसीजी काढा.